आचार्य दामोदर धर्मानंद कोसंबी : बदलाचा चढ मोजणारे गणिती

पुण्याहून मुंबईकडे जाणारी आगगाडी खडकी सोडते आणि दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड अशी स्थानके एकामागून एक मागे पडत जातात. आज या मार्गाच्या दोन्ही बाजूंना कारखाने आणि कामगारांच्या वसाहती आहेत. १९४५ नंतरची सुमारे सोळा वर्षे याच लोहमार्गावरून दख्खनच्या राणीने एक प्राध्यापक पुणे-मुंबई ये-जा करीत असत. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित शिकावे-शिकवावे, आणि पुण्यास परतून संस्कृत पोथ्या, जुनी नाणी व डोंगरातील लेणी यांचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गणित आणि इतिहास या दोन्ही क्षेत्रांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते अशा या विद्वानाचे चरित्र आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत यावे, यास दोन कारणे आहेत. पहिले कारण त्यांचे पिता. दुसरे कारण असे की, वरच्या वर्गातील विद्यार्थी आलेखपत्रावर वक्ररेषेला पट्टी टेकवून स्पर्शिका काढतात व तिचा चढ मोजतात, त्या साध्या कृतीत केवढे सामर्थ्य आहे हे या आयुष्यातून दिसते.

दामोदर यांचे पिता धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. भगवान बुद्धांच्या धम्माचे ज्ञान मिळवावे या एकाच ओढीने त्यांनी १८९९ मध्ये घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा खडतर प्रवास करीत, कित्येकदा उपाशीपोटी, त्यांनी पाली भाषा व त्रिपिटक आत्मसात केले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले आणि महाराष्ट्रात या भाषेच्या अभ्यासाचा पाया घातला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी त्यांना पाचारण केले होते. १९३७ साली मुंबईतील परळ येथे कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला, आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला.

अशा पित्याच्या पोटी ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे दामोदर यांचा जन्म झाला. मातेचे नाव बाळाबाई. घरात त्यांना बाबा म्हणत. आरंभीचे शिक्षण पुण्यास झाल्यावर १९१८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते वडिलांबरोबर अमेरिकेतील केंब्रिज गावी गेले. तेथील शाळेत त्यांनी शिक्षण घेतले, मध्यंतरी काही काळ भारतात येऊन राहिले, आणि १९२६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. गणिताबरोबरच ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषांवर त्यांनी प्रभुत्व मिळविले. १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळाली. परंतु पुढील संशोधनासाठी आर्थिक आधार मिळाला नाही व ते मायदेशी परतले.

काशी हिंदू विद्यापीठात दोन वर्षे अध्यापन केल्यावर १९३१ साली ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. तेथे आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणिती विभागप्रमुख होता. त्याच्याच सूचनेवरून कोसंबींनी एका शोधनिबंधात बूर्बाकी नावाच्या कल्पित गणितज्ञाचा गंभीरपणे उल्लेख केला. ती एक थट्टा होती. पण पुढे फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका मोठ्या गटाने हेच नाव धारण केले, आणि त्या नावाचा छापील गणितातील पहिला उल्लेख या मराठी माणसाच्या लेखात राहून गेला.

१९३३ मध्ये कोसंबी पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले. ज्या महाविद्यालयात पित्याने पाली शिकविली, तेथेच पुत्राने बारा वर्षे गणित शिकविले. त्याच वर्षी जर्मनीतील एका नामांकित गणित-नियतकालिकात त्यांचा मार्गावकाशांवरील निबंध प्रसिद्ध झाला. फ्रान्सचे थोर भूमितिज्ञ एली कार्तां यांना तो इतका महत्त्वाचा वाटला की त्यांनी त्याला जोडूनच आपले विवेचन छापविले. पुढे चीनचे चर्न यांनीही त्यात भर घातली, आणि ही उपपत्ती आज कोसंबी-कार्तां-चर्न यांच्या नावाने ओळखली जाते. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक लाभले.

हा विषय अवघड असला तरी त्याचे बीज शाळेतील विद्यार्थ्यास समजण्याजोगे आहे. सरळ रेषेचा चढ सर्वत्र एकच असतो. उभे अंतर भागिले आडवे अंतर केले की तो मिळतो. वक्ररेषेचे तसे नसते, तिचा चढ पावलोपावली बदलतो. मग एखाद्या बिंदूपाशी तो किती, हे कसे सांगावे? त्या बिंदूपाशी वक्राला केवळ स्पर्श करून जाणारी रेषा, म्हणजे स्पर्शिका काढावी आणि तिचा चढ मोजावा. त्या क्षणी वक्र ज्या दिशेने चालला आहे, तीच दिशा स्पर्शिका दाखविते. मार्गावकाशांचा अभ्यास हा याच विचाराचा विस्तार होय. एखाद्या मार्गावर प्रत्येक ठिकाणी दिशा कशी बदलते हे ठाऊक असेल, तर शेजारचे मार्ग एकमेकांपासून दूर जातील की जवळ राहतील, हा तेथील प्रश्न आहे.

याच दृष्टीने कोसंबींनी १९४४ साली एक छोटा निबंध लिहिला. लंडनहून निघणाऱ्या एका नियतकालिकात तो छापला गेला. पृष्ठे अवघी चार. तरीही जगभरच्या शेतकी संशोधनात त्यांचे नाव आज घेतले जाते ते मुख्यत्वे या चार पृष्ठांमुळे. विषय होता आनुवंशिकता. सजीवांच्या पेशीत गुणसूत्रे असतात व त्यांवर जनुके ओळीने बसविलेली असतात. पुढच्या पिढीचे बीज तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांच्यामधून अदलाबदल होण्याची शक्यता अधिक. म्हणून संततीत किती वेळा दोन जनुकांची फारकत झाली हे मोजले की त्यांच्यातील अंतराचा अंदाज बांधता येतो.

अडचण अशी की, दोन जनुकांमध्ये अदलाबदल दोनदा झाली तर ती पुन्हा पूर्ववत एकत्र येतात, आणि मोजणाऱ्याच्या दृष्टीस काहीच पडत नाही. त्यामुळे अंतर वाढत गेले तरी दिसणाऱ्या फारकतीचे प्रमाण त्याच वेगाने वाढत नाही. ते अर्ध्याच्या जवळ जाऊन मंदावते. आलेख काढल्यास आरंभी उभी चढणारी व पुढे आडवी होत जाणारी वक्ररेषा मिळते. तिचा चढ किती, यावरच सारे अवलंबून आहे.

कोसंबींच्या पंचवीस वर्षे आधी, १९१९ मध्ये, हॉल्डेन यांनी या चढासाठी एक नियम मांडला होता. दिसणाऱ्या फारकतीच्या प्रमाणाची दुप्पट एकातून वजा करावी, म्हणजे त्या बिंदूपाशी वक्राचा चढ मिळतो. यामागे असे गृहीत होते की, एका अदलाबदलीचा दुसरीवर काहीही परिणाम होत नाही. प्रत्यक्षात तसे घडत नाही. एका जागी अदलाबदल झाली की तिच्या अगदी निकट दुसरी सहसा होत नाही. अंतर वाढेल तसा हा अटकाव ओसरतो. कोसंबींनी हे वास्तव चढाच्या नियमातच आणले. प्रमाणाच्या दुपटीऐवजी त्यांनी प्रमाणाच्या वर्गाची चौपट एकातून वजा केली. फारकतीचे प्रमाण ०.१ असेल, तर हॉल्डेन यांच्या नियमाने चढ ०.८ येतो आणि कोसंबींच्या नियमाने ०.९६. म्हणजे जनुके जवळ असताना जवळजवळ प्रत्येक अदलाबदल दृष्टीस पडते. प्रमाण ०.५ झाले की दोन्ही नियमांनी चढ शून्य होतो, वक्र आडवा होतो.

विद्यार्थ्यांनी हा वक्र स्वतः काढून पाहावा. आडव्या अक्षावर अंतर ०, ०.१, ०.२, ०.३, ०.४, ०.५ असे घ्यावे. कोसंबींच्या सूत्राने उभ्या अक्षावरील प्रमाणे अनुक्रमे ०, ०.०९९, ०.१९०, ०.२६९, ०.३३२ व ०.३८१ येतात. बिंदू मांडून हलक्या हाताने त्यांतून सलग वक्र ओढावा. मग अंतर ०.३ असलेल्या बिंदूपाशी पारदर्शक पट्टी अशी टेकवावी की वक्र दोन्ही बाजूंस सारखाच दूर जाताना दिसेल. स्पर्शिका लांब ओढावी, तिच्यावरचे दोन दूरचे बिंदू घ्यावेत आणि उभ्या अंतरास आडव्या अंतराने भागावे. बिंदू जवळचे घेतल्यास पेन्सिलीच्या जाडीएवढी चूकही मोठी ठरते, म्हणून ते दूरचेच हवेत. आलेला आकडा ताडून पाहण्याचा दुसराही मार्ग आहे. ०.३ च्या दोन्ही बाजूंचे बिंदू घेतले तर प्रमाणातील वाढ ०.३३२ वजा ०.१९० म्हणजे ०.१४२, आणि अंतरातील वाढ ०.२. भागाकार ०.७१. कोसंबींच्या नियमाने, ०.२६९ च्या वर्गाची चौपट एकातून वजा केली, तरी उत्तर ०.७१ च येते. हाताने काढलेल्या स्पर्शिकेचे उत्तर ०.६८ किंवा ०.७४ आले, तरी खंत करू नये. अंदाज हा अंदाजच असतो. तो किती चुकू शकतो हे सांगता येणे, हाच त्याचा प्रामाणिकपणा होय. भात, गहू, मका अशा पिकांच्या जनुकांचे नकाशे तयार करताना संशोधक आजही कोसंबींचे हे सूत्र वापरतात.

याच सुमारास त्यांनी नाण्यांचे काम हाती घेतले. मौर्य काळातील व त्याआधीची चांदीची आहत नाणी तक्षशिला येथील उत्खननात मोठ्या संख्येने सापडली होती. त्यांवर राजाचे नाव नाही, सालही नाही. केवळ ठोकलेली चिन्हे. मग आधीचे कोणते व नंतरचे कोणते, हे कसे ठरवावे? कोसंबींनी तराजू हाती घेतला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एकेका नाण्याची झीज कमी-जास्त असेल, पण पुष्कळ नाण्यांची सरासरी काढली तर ती काळाबरोबर नियमाने कमी होत जाते. हे पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील, साल छापलेली, चलनातील हजारो नाणी सूक्ष्म तराजूवर तोलली. जुन्या सालाची नाणी सरासरीने हलकी निघाली, आणि त्यांच्या वजनांतील आपसांतला फरकही अधिक निघाला.

समजा, एका प्रकारच्या नाण्यांचे सरासरी वजन दहा वर्षांत ०.०२ ग्रॅमने घटले. मग घटीचा दर, म्हणजेच आलेखाचा चढ, वर्षाला ०.००२ ग्रॅम झाला. घट असल्याने तो ऋण. हा चढ एकदा कळला की वजनावरून वयाचा अंदाज करता येतो. प्राचीन नाण्यांच्या मागील बाजूस वेळोवेळी तपासणी करणाऱ्यांनी ठोकलेली लहान चिन्हे होती. ही चिन्हे जितकी अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे कोसंबींना आढळले, आणि मुक्या नाण्यांना क्रम लावण्याचे साधन हाती आले. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढील नाणकशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. परंतु नाण्यांच्या अभ्यासात मापन व संख्याशास्त्र आणण्याचे श्रेय त्यांचेच आहे. आपल्यापैकी ज्यांचे पालक चाकण-भोसरीच्या कारखान्यांत यंत्रावर काम करतात, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. धातू कापणारे हत्यार किती नगांनंतर किती झिजले यावर लक्ष ठेवून ते केव्हा बदलावे हे ठरवितात, तेव्हा तेही झिजेचा चढच पाहत असतात.

नाणी ज्यांनी पाडली त्या समाजाचा शोध घेता घेता कोसंबी इतिहासाकडे वळले. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा ग्रंथ आला, १९६२ मध्ये मिथके व वास्तव यांवरील निबंधसंग्रह, आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीचा आढावा. राजांची नावे व लढायांच्या तारखा यांपेक्षा लोक काय पिकवीत, कोणती अवजारे वापरीत, कोणाचे श्रम कोणाच्या उपयोगी पडत, हे प्रश्न त्यांनी महत्त्वाचे मानले. ते मार्क्सच्या विचारपद्धतीचा अवलंब करणारे बुद्धिवादी होते. पित्याप्रमाणे धम्माचे उपासक नव्हते. तथापि बौद्ध धम्माच्या उदयाकडे त्यांनी अत्यंत गांभीर्याने पाहिले. यज्ञांत होणारी गुराढोरांची हानी वाढत्या शेतीला परवडणारी नव्हती, आणि बुद्धांच्या अहिंसेच्या शिकवणीने कष्टकरी समाजाची ही निकड ओळखली, अशी त्यांची मांडणी होती. कार्ले, भाजे, बेडसे ही मावळातील लेणी घाट चढून येणाऱ्या व्यापारी मार्गांवर आहेत, हे त्यांनी स्वतः पायी फिरून पाहिले. कार्ल्याच्या शिलालेखांतील धेनुकाकट या नगरावर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला. पुण्याच्या टेकड्यांवर व आसपासच्या माळांवर हिंडून अश्मयुगीन मानवाची लहान दगडी पाती गोळा केली. धनगर, शेतकरी, वाटसरू यांच्याशी बोलून जे कळते ते ग्रंथांत सापडत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

संस्कृतातही त्यांचे कार्य तितकेच भक्कम आहे. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये सिद्ध केली. विद्याकर या बौद्ध पंडिताने संकलित केलेला सुभाषितरत्नकोश त्यांनी वा. वि. गोखले यांच्यासह संपादिला, आणि तो १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. त्याच मालेत, १९५० मध्ये, धर्मानंदांनी संपादिलेला विसुद्धिमग्ग निघाला होता. पिता-पुत्रांची नावे अशी एका मालेत जोडली गेली.

त्यांच्या आयुष्यातील एका चुकीचा उल्लेख टाळणे त्यांच्याच स्वभावाशी विसंगत ठरेल. मूळसंख्यांविषयीचे रीमान यांचे गृहीतक हे गणितातील सर्वांत कठीण कोड्यांपैकी एक. १९५९ साली संभाव्यतेच्या रीतीने ते सिद्ध केल्याचा दावा कोसंबींनी एका निबंधात केला. ती सिद्धता सदोष होती. गणितज्ञांत त्यांच्या लौकिकास धक्का बसला. अणुऊर्जेऐवजी सूर्याच्या उष्णतेचा वापर भारताने करावा, हे त्यांचे मतही त्या काळच्या धोरणाशी जुळणारे नव्हते, आणि ते त्यांनी उघडपणे मांडले होते. १९६२ मध्ये मुंबईच्या संस्थेतील त्यांची सेवा संपली. मुदत वाढविण्यात आली नाही. त्यानंतरही त्यांनी काम थांबविले नाही. १९६४ पासून ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद संशोधक होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न होते. २००८ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

स्पर्शिका ज्या बिंदूपाशी काढली, त्या बिंदूजवळच ती वक्राची साथ देते. तिला फार लांबवर खरी मानले तर ती वक्राला सोडून भलतीकडेच जाते. संभाव्यतेची जी रीत जनुकांच्या व नाण्यांच्या अभ्यासात कोसंबींना यश देऊन गेली, ती मूळसंख्यांच्या प्रश्नात इतकी लांब ओढता आली नाही. यात त्यांच्या थोरवीस उणेपणा येत नाही. उलट मोजमापाची सीमा ओळखण्याचा धडा आपल्याला त्यांच्या यशाबरोबर त्यांच्या चुकीतूनही मिळतो.

पुणे-मुंबई मार्गावरील ज्या देहूरोड स्थानकावरून कोसंबी ये-जा करीत, तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्या विहाराला वंदन करून येणारी आपली मुले-मुली आज विज्ञान शाखेत शिकत आहेत, यंत्रशाळांत हात काळे करीत आहेत. सारे काही सतत बदलत असते, ही अनित्यतेची शिकवण त्यांना बालपणापासून ऐकून ठाऊक आहे. दामोदर कोसंबींनी त्यापुढचा प्रश्न विचारला. बदल होतो हे खरे, पण कोणत्या दिशेने आणि किती वेगाने? ते मोजण्यासाठी त्यांनी कधी पेन्सिल वापरली, कधी तराजू, तर कधी स्वतःचे पाय. आपल्या वर्गातील एखादी विद्यार्थिनी उद्या आलेखपत्रावर पट्टी टेकवील, तेव्हा पुण्याच्या या गणितीचे तिला स्मरण व्हावे, एवढ्याच इच्छेने त्यांच्या स्मृतीस हे विनम्र अभिवादन.